भरून घेतलेली वर्षं

आत्मचरित्र वगैरे लिहायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. घरातल्या रेकॉर्डी, कॅसेट्स, सीडी आणि जुन्या हार्ड डिस्कवरचे फोल्डर एका ठिकाणी आणावेत, सगळं डिजिटल करून ठेवावं, एवढाच बेत होता. पण कॅसेटला जेवढ्यास तेवढा वेळ लागतो. 90 मिनिटांची कॅसेट म्हणजे 90 मिनिटं, त्यात काटछाट नाही. लावून उठून जावं, तर जुनी फीत कधी गुंतेल याचा भरवसा नसतो. मग टेपसमोर नुसतं बसून काय करायचं, म्हणून वही घेतली आणि समोर वाजतेय ती कॅसेट घरात कशी आली ते लिहायला लागले. नियम एकच ठेवला, बाजू संपली की लिहिणं थांबवायचं. त्यामुळे सी-60ची, म्हणजे 60 मिनिटांच्या कॅसेटची, पानं आखूड आणि सी-90ची लांब झाली आहेत. कॅसेटच्या महत्त्वाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

वही भरत गेली तसं लक्षात आलं की 'हे गाणं मला का आवडतं' या प्रश्नाला काही दम नाही. आवाज गोड, शब्द आर्त, चाल अवीट. असं कोणीही कोणाही गाण्याबद्दल लिहील, त्यात मी कुठेच नाही. म्हणून प्रश्न बदलले. ही वस्तू माझ्याकडे कुठून आली? कोणाच्या यंत्रावर ऐकली? आणि ऐकणं कधी थांबलं? यातला तिसरा प्रश्न सगळ्यांत बोलका निघाला. गाणं आवडायला लागल्याचा क्षण बहुतेकांना आठवतो, निदान आठवतो असं वाटतं. ते ऐकेनासं का झालं याचं उत्तर शोधताना मात्र जागा बदललेली सापडते, माणूस गेलेलं सापडतं, कधी नुसतंच यंत्र बिघडलेलं असतं आणि ते दुरुस्त करायला कोणाला वेळ नव्हता हे सापडतं.

क्रम लावण्याचाही प्रश्न होता. रेकॉर्ड निघाली त्या सालाप्रमाणे लावलं तर संगीताचा इतिहास तयार होतो, माझा नाही. बाबांच्या काही रेकॉर्डी माझ्या जन्माआधीच्या आहेत, पण माझ्या आयुष्यात त्या मी सहासात वर्षांची असताना आल्या. उलट, काही जुन्या गझला माझ्यापर्यंत चाळिशीत पोचल्या. मी सगळं आगमनाच्या क्रमाने लावलं. मानसशास्त्रात एक निरीक्षण आहे की माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर वयांपेक्षा जास्त येतात. माझ्या वहीत त्याचा पुरावाच मिळाला. पंधरा ते पंचवीस या वर्षांनी निम्मी वही खाल्ली. पण त्याशिवाय आणखी एक फुगवटा दिसला, तो बाबांच्या तरुणपणच्या गाण्यांचा. कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक या संशोधकांनी 2013 मध्ये नेमकी हीच गोष्ट मांडली होती, की तरुण मुलांना आपल्या आईवडिलांच्या उमेदीच्या काळातल्या संगीताच्याही आठवणी ठळक असतात. आपण जन्मलोही नव्हतो त्या वर्षांची गाणी आपल्याला 'आपली' वाटतात ती अशी. म्हणून माझ्या गोष्टीचं पहिलं प्रकरण मी नसतानाचं आहे.

त्या प्रकरणात लाखेच्या जुन्या 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डी फारशा नाहीत. हातातून निसटली की खापरी होणारी ती चीज, त्यातून एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. बहुतेक आमच्यापर्यंत टिकल्याच नाहीत. आहेत त्या एलपी. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची ही तबकडी 1948 मध्ये बाजारात आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मावायला लागली. बाबा रेकॉर्ड कडेने धरायचे, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत, आणि वाजवताना काही बोलायचेही नाहीत. त्यांना काय आवडायचं, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

ते मला रेकॉर्डनेच सांगितलं. पुसायला म्हणून एक एलपी खिडकीशी नेली आणि उजेडात तिरकी धरली. तबकडी काळीभोर चमकत होती, फक्त दुसऱ्या बाजूचा तिसरा पट्टा राखाडी दिसत होता. आधी वाटलं धूळ आहे. ओलसर कापड फिरवलं, वाळू दिलं, पुन्हा धरलं, तरी राखाडीच. ती झीज होती. जड हाताच्या जुन्या प्लेअरची सुई एकाच गाण्यावरून पुन्हा पुन्हा फिरली की चरांच्या भिंती खरवडल्या जातात आणि त्या पट्ट्याची चकाकी जाते. शेजारची दोन्ही गाणी कोरी करकरीत. म्हणजे बाबा सुई उचलून बरोबर तिथेच ठेवत होते, ते गाणं संपलं की पुन्हा उचलत होते. हे कधी चालायचं? आम्ही शाळेत असताना? मला ते गाणं घरात वाजल्याचं आठवतसुद्धा नाही. विरहाचं भावगीत आहे. मी त्यावर जास्त तर्क लढवले नाहीत. वहीत एवढंच लिहिलं, 'बाजू ब, गाणं तिसरं, झिजलेलं.' ते वाजवलं तेव्हा खरखरीतून आवाज कसाबसा वर येत होता. सॉफ्टवेअरने ती खरखर पुष्कळ कमी करता येते. मी एक प्रत साफ केली आणि एक तशीच ठेवली, आणि ऐकते ती न साफ केलेली.

मग घरात टेप आला आणि चित्र पालटलं. फिलिप्सने 1963 मध्ये आणलेली ही छोटी कॅसेट मुळात बोलणं टिपून ठेवण्यासाठी होती, गाण्यासाठी ती इतकी चालेल असं तेव्हा कोणाला वाटलं नसावं. आमच्याकडे तिचा पहिला उपयोग झाला तो दादाने आणि मी केलेल्या 'कार्यक्रमां'साठी. दादा निवेदक. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तो भारदस्त आवाज काढून तारीख आणि गाणाऱ्याचं नाव जाहीर करायचा. या गोष्टीचा मला पुढे असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. नेमकी तारीख कळते अशा माझ्या बालपणच्या जागा याच. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या काळातही असंच करत. गायिका गौहर जान यांनी 1902 मध्ये पहिल्या रेकॉर्डी केल्या तेव्हा गाणं संपताना त्या 'माय नेम इज गौहर जान' असं इंग्रजीत सांगायच्या. दूर परदेशी कारखान्यात तबकड्या छापणाऱ्यांना कोणती कोणाची ते कळावं, म्हणून ही सोय. दादाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त निवेदक व्हायचं होतं.

पुढे कोऱ्या कॅसेट्सची चणचण असायची, म्हणून त्या कार्यक्रमांवरच गाणी भरली गेली. मी धरूनच चालले होते की ते सगळं पुसलं गेलंय. पण नवं रेकॉर्डिंग जुन्यापेक्षा आधी संपलं, तर फितीच्या उरलेल्या भागावरचं जुनं तसंच राहतं. एका कॅसेटवर नाट्यपदं संपतात, खट् असा आवाज येतो आणि मध्येच कुठूनतरी दादाचा कोवळा आवाज सुरू होतो, '...आणि आता सादर करत आहे आमची धाकटी बहीण.' मागे पंख्याची घरघर. मग मी गाते. तालाच्या नावाने आनंद. ओळ विसरते, आईचा आवाज लांबून ती सांगतो, आणि फीत संपते. नाट्यपदं थोडी अधिक भरली असती, तर आईचा तो आवाज राहिला नसता. आईचं बोलणं टिपलेलं असं दुसरं काहीही आमच्याकडे नाही.

कॅसेट भरून घेणं हा त्या वर्षांतला मोठाच उद्योग होता. आधी यादी करायची, गाण्यांची मिनिटं बेरजेला लावायची, 45 मिनिटांत काय बसतंय ते बघायचं. तरी हिशेब चुकायचा आणि शेवटचं गाणं अंतऱ्यात तुटायचं. माझ्यासाठी ती गाणी आजही तिथेच संपतात. पुढे कधी पूर्ण ऐकायला मिळाली तर उरलेला भाग परका वाटतो, कोणीतरी मागाहून जोडल्यासारखा. रेडिओवरून टिपलेल्या गाण्यांना तर सुरुवातच नसते, निवेदिकेच्या शेवटच्या अक्षरावरून बटण दाबलेलं असतं.

या ढिगात एक कॅसेट अशी होती जिच्यावर नाव नाही, यादी नाही. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन बारीक जिभा असतात, प्रत्येक बाजूसाठी एक. ती मोडली की त्या बाजूवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही, यंत्राचं बटणच दबत नाही. आणि मोडलेल्या जागेवर चिकटपट्टी लावली की पुन्हा होतं. या कॅसेटची 'ए' बाजूची जीभ मोडलेली होती आणि तिच्यावर पिवळी पडलेली, कडा कुरतडल्यासारखी चिकटपट्टी होती. म्हणजे आधी कोणीतरी हे जपायचं ठरवलं होतं आणि नंतर पुसायचं ठरवलं होतं. ते कोणीतरी म्हणजे मीच. कॉलेजातल्या एका मित्राने ती भरून दिली होती. आता तिच्यावर इंग्रजी संभाषणाचे पाठ आहेत. त्या मित्राबद्दल मी वहीत पान-दीड पान लिहिलं, मग फाडलं. तोही कुठेतरी संसार करत असेल, त्याला न विचारता त्याची गोष्ट मी का सांगावी? मोडलेली जीभ आणि चिकटपट्टी एवढं वर्णन ठेवलं. वाचणाऱ्याला तेवढं पुरतं.

आठवणीवर विसंबायचं नाही म्हणून मधूनमधून दादाला फोन करत होते.

"दादा, ती निळ्या कागदाची गझलांची कॅसेट, ती मी कॉलेजला असताना भरून आणली होती ना?"

"तू? अगं, ती माझी. तू ढापलीस."

"काहीतरीच. आतल्या कागदावर माझं अक्षर आहे."

"पाठीमागे बघ."

पाठीमागे त्याचं अक्षर होतं, आणि पुढचं माझं म्हणजे त्याच्या यादीची मी केलेली सुबक नक्कल. म्हणजे वयाच्या विशीत 'मला गझल कळते' असा जो रुबाब मी मिरवला, तो मुळात दादाच्या कपाटातला. ते पान पुन्हा लिहिलं. गंमत म्हणजे दादाला त्या गझला आता आठवतही नाहीत, कॅसेट तेवढी आठवते.

वॉकमनचं पान मी सगळ्यांत भराभर लिहिलं. सोनीचा पहिला वॉकमन 1979 चा. माझ्याकडे आला तो बराच नंतर आणि दुसऱ्याच कोणत्या तरी कंपनीचा, पण परिणाम तोच. तोवर घरात जे लागेल ते सगळ्यांचं असायचं. हेडफोन आल्यावर माझं गाणं माझं झालं आणि दादाशी भांडण्याचं एक कारण संपलं. संग्रह 'माझा' म्हणावा तो इथून पुढे.

थोडं कामाबद्दल. कोणी हा उद्योग करणार असेल तर आधी टेपचं हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, साफ करावं, आणि फीत पुढे सरकवणारा रबरी पिंच रोलरही, कारण तो चिकट झाला की फीत ओढली जाते. काही कॅसेट्सचा आवाज उशीखालून आल्यासारखा दबका येतो. त्याला दोन कारणं असतात. एक, हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू. हेडचा कोन फितीशी काटकोनात नसला की वरचे स्वर मरतात. गाणं चालू ठेवून तो स्क्रू केसभर इकडेतिकडे फिरवला की एका जागी झांजा अचानक लख्ख ऐकू येतात, तिथे थांबायचं. दुसरं कारण म्हणजे कॅसेटच्या आतली, फीत हेडवर दाबून धरणारी नमद्याची इवलीशी गादी. तिचा गोंद वाळतो आणि ती गळून पडते. मग कॅसेट खोलून दोन्ही रिळं दुसऱ्या, चांगल्या कॅसेटच्या कवचात बसवावी लागतात. काही कॅसेट्सवर ऐकू येणारी आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र दुरुस्त होत नाही. गाणं सुरू होण्याच्या आधीच्या शांततेत त्याच गाण्याची पुसट चाहूल लागते. वर्षानुवर्षं गुंडाळून पडलेल्या फितीचे थर एकमेकांना चिकटून असतात आणि एकाचं चुंबकत्व शेजारच्यावर उमटतं. मला ते आवडायला लागलंय.

फाइल्स मी वेव्ह या फॉरमॅटमध्ये ठेवल्या, सीडीच्याच मापाने, म्हणजे 44.1 किलोहर्ट्झ आणि 16 बिट. मिनिटाला दहाएक एमबी जातात. ध्वनिसंग्रहालयं 24 बिट, 96 किलोहर्ट्झ असं वरचं माप वापरतात, पण आमच्या पंख्याच्या घरघरीसाठी मला ते अती वाटलं.

सीडीबद्दल लिहिण्यासारखं कमी निघालं. विकत घेतलेल्या सगळ्या सुस्थितीत, आणि म्हणूनच मुक्या. त्यांच्यावर कोणाचं अक्षर नाही, झीज दिसत नाही, दहादा ऐकलेली आणि न ऐकलेली सारखीच चकचकते. घरी बर्न केलेल्या सीडींवर निदान मार्करने काहीतरी खरडलेलं होतं, पण त्यांतल्या काहींचा रंगद्रव्याचा थर उतरलाय, संगणक त्या वाचतच नाही. लाखेच्या रेकॉर्डी टिकल्या नाहीत ते समजू शकते. या तर परवापरवाच्या.

एमपीथ्रीच्या फोल्डरांनी वेगळाच घोळ घातला. फाइलवरच्या तारखा बघून क्रम लावावा म्हटलं, तर कित्येक फाइल्स 'तयार' होण्याआधीच 'बदललेल्या' होत्या. कारण साधं आहे. विंडोजमध्ये फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली की तयार झाल्याची तारीख नवी पडते, बदलल्याची जुनीच राहते. म्हणजे एक तारीख गाणं मिळाल्याच्या आसपासची आणि दुसरी संगणक बदलल्याची. ते कळल्यावर दोन्ही उपयोगी पडल्या. 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर 2', 'बघायचं आहे' या नावांच्या फोल्डरांमधून माझ्या नोकरीच्या धबडग्याची वर्षं बऱ्यापैकी उभी राहिली. 'बघायचं आहे' मधलं अजून बघितलेलं नाही.

आणि मग एक मोठी पोकळी. लेकीच्या जन्मापासून ती शाळेत जाईपर्यंतच्या काळातलं माझ्या संग्रहात काहीच नाही. एक कॅसेट नाही, सीडी नाही. तेव्हा मी काय ऐकत होते हे आठवायचा खूप प्रयत्न केला. अंगाई गात होते, ऐकत काही नव्हते. संधी मिळाली की शांतता ऐकत असेन, म्हणजे झोपत असेन. त्या वर्षांचं पान कसं लिहायचं? समोर काहीच वाजत नसल्यामुळे बाजू संपायचा प्रश्न नव्हता आणि लिहिणंही सुरू होईना. शेवटी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तू तेव्हा गुणगुणायचीस. एकच ओळ. पुढची यायची नाही तुला." कोणती ओळ, हे त्यालाही सांगता येईना. तेवढंच लिहिलं.

अलीकडच्या वर्षांची वस्तू नाही, नोंदी आहेत. ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या बऱ्याच सेवांकडून आपला ऐकण्याचा इतिहास मागवता येतो. आला तो नुसता तारखा, वेळा आणि गाण्यांच्या नावांचा लांबलचक तक्ता. पहिल्यांदा वाटलं यात काय जीव आहे. पण एका उन्हाळ्यात रोज पहाटे तीन-साडेतीनला तोच तो एक संथ राग, वीस-पंचवीस मिनिटं, मग बंद. बाबांच्या शेवटच्या आजारपणाचे दिवस. मी रात्री त्यांच्याजवळ बसायचे आणि ते जागे झाले की फोन त्यांच्या उशाशी ठेवायचे. तक्त्यात ते एका तारखेला थांबतं. त्या पानावर मी स्वतःचं एक वाक्यही घातलं नाही, तक्त्याच्या तेवढ्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या.

सगळं टाइप करून, फाइल्ससकट लेकीला दिलं. तिने माझ्या आगमनाच्या क्रमाला जराही किंमत दिली नाही, सगळं शफलवर टाकलं आणि भाजी निवडत ऐकावं तसं काम करता करता ऐकलं. दादाच्या निवेदनामागून थेट पहाटेचा राग, त्यामागून इंग्रजी संभाषणाचे पाठ. मी कुरकुरले तर म्हणाली, "आई, तुला तरी कुठे ओळीने आठवतं?" मग तिने तिच्या जन्माची वर्षं काढून वाचली.

"इथे मी कुठेच नाहीये."

"इथे काही वाजतच नव्हतं."

"वाजत होतं. गाडीत. ती प्राण्यांच्या गाण्यांची कॅसेट, मी पुन्हा पुन्हा लावायला लावायचे ती. तू मागे डोकं टेकून डोळे मिटून घ्यायचीस."

ती कॅसेट मी कधीच कोणाला तरी देऊन टाकली होती, संग्रहात धरायचं सुचलंही नव्हतं. तिला त्यातली चारही गाणी शब्दन् शब्द पाठ आहेत. तो भाग आता ती लिहिणार आहे, आणि मी त्यात कशी दिसेन यावर माझा काही ताबा नाही, हे तिने आधीच बजावून ठेवलंय.